बैलगाडीच्या फळ्यांची पेटी

माय केदारखेड्यातून निघाली त्या दिवशी जीप दारात उभी होती आणि ती पेटीशिवाय बसायला तयार नव्हती. डाव्या हाताला प्लॅस्टर, एका पायात चप्पल, दुसरी सापडत नव्हती, आणि उजव्या हातात पेटीचा दोर. "आधी ही बसंल, मंग मी बसंन," म्हणाली. शेजारच्या गयामावशीच्या मुलाने मागचं सीट पाडलं, पेटी आडवी घातली, तिच्यावर पिठाचा डबा आणि तीन गोधड्या रचल्या. तोवर माय पुन्हा दाराशी गेली. चौकटीवरून हात फिरवला, कुलूप दोनदा ओढून पाहिलं, आणि भिंतीला तळहात घासत घासत कोपऱ्यापर्यंत जाऊन आली. मी वैतागून म्हटलं, "माय, चल ना जल्दी, गाडी चुकंल." मला वाटलं, म्हातारीचा जीव घरात अडकलाय. तो अडकलेला होताच. पण तिला दिसत नव्हतं, हे मला माहीत नव्हतं.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझी कीव करणार नाही. मी तिची एकुलती एक मुलगी. सात-आठ वर्षं तिची नजर विझत गेली आणि मला पत्ता नव्हता.

त्याच दारातून मी स्वतः निघाले त्याला एकोणीस वर्षं झाली. नवऱ्याची नोकरी हैदराबादला, औषधाच्या कारखान्यात. लग्नानंतर महिन्याभराने जालन्याहून रेल्वेत बसले. माय स्टेशनपर्यंत आली नव्हती, एसटीच्या थांब्यावरूनच तिने निरोप दिला होता. तेव्हा तिची नजर इतकी तेज होती की शेताच्या बांधावरून ती एसटी कुठली, हे पाटी न वाचता सांगायची. मी मात्र खिडकीतून मागे पाहिलं नाही. डोळ्यांत काजळ होतं आणि ते पसरेल याची काळजी होती. किती किरकोळ गोष्टींसाठी माणसाचं मागे पाहायचं राहून जातं!

हैदराबादला सुरुवातीला मी भाजीवाल्याशी बोटांनीच बोलायचे. मग तिथली हिंदी कळायला लागली आणि गंमत वाटली, कारण तिच्यात मायचेच शब्द होते. बराबर, जल्दी, बिलकुल, खर्चा. निजामाच्या राज्यात आमचं गावही होतं, त्याची ही उरलेली नातीगोती. आता पाचव्या मजल्यावर फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, अपार्टमेंटमधल्या बायकांचा ग्रुप आहे, मुलगी तन्वी, तेव्हा दहावीला होती. माहेर म्हणजे दिवाळीतले चार दिवस. त्या चार दिवसांत माय चुलीपाशी बसून भाकरी थापायची, घागर भरून आणायची, शेजारणी आल्या की त्यांच्या आवाजावरून नावं घ्यायची. मी पोचले की आधी माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवायची, कपाळ, गाल, हनुवटी. "वाळली ग सुमे," म्हणायची. मला वाटायचं, केवढी माया! माया होतीच, पण ती मला बघत होती. मी हसून तिचे हात बाजूला करायचे, कारण हाताला चुलीची राख असायची.

दादा, म्हणजे माझे वडील, गेल्यापासून ती एकटीच होती. जमीन बटईने दिलेली. तिचा वेळ जायचा गोधड्यांत. आणि गोधड्यांचा सगळा संसार त्या पेटीत.

पेटी काही देखणी नव्हती. दादांनी बैलजोडी विकली आणि गाडी मोडली, तेव्हा तिच्या बाभळीच्या फळ्यांमधून गावच्या सुताराने ती ठोकून दिली होती. गाडीचं अंग तिच्यावर तसंच राहिलं होतं. उजव्या बाजूच्या फळीला बोल्टाचं भोक, बोट आरपार जाईल असं. पुढच्या काठाला दोराने घासून पडलेली खाच. मागच्या कोपऱ्यात एक लोखंडी पट्टी, झाकणावर लाकडाची वर आलेली गाठ. आत चार खण. भोकाजवळच्या खणात सुया, खाचेजवळ दोऱ्याची रिळं, पट्टीखाली कात्री आणि बोटात घालायचं अंगुस्तान, उरलेल्या मोठ्या खणात चिंध्या. सुया कशात खोचलेल्या, तर मायच्या स्वतःच्या गळालेल्या केसांच्या गुंड्यात. वर फडकं गुंडाळलेलं. केसांचं तेल सुईला गंजू देत नाही, असं ती म्हणायची. आणि दोरा ओवायची तिची एक पद्धत होती. सकाळी एकदाच रिळाच्या दोऱ्यात वीस-पंचवीस सुया ओवून घ्यायच्या. लागेल तशी एक सुई पुढे घ्यायची, हवा तेवढा दोरा तोडायचा, बाकीच्या मागे सरकवायच्या. दिवसभर ओवण्याची कटकट नको. या सुया सकाळी कोण ओवून देतं, हे मी कधी विचारलं नाही.

ती पडली ती श्रावणात. गल्लीत सिमेंटचा रस्ता करायला घेतला होता आणि कडेला नाली खोदली होती. पंचवीस पावलांचा रस्ता तिच्या पायांना पाठ होता, नाली तेवढी नवी होती. मनगट मोडलं. गयामावशीचा फोन आला आणि तिसऱ्या दिवशी मी गावात. माय म्हणाली, "मी न्हाई येत. मला इथं बराबर आहे." मी म्हटलं, हात बरा होईपर्यंत तरी चल. "मंग दिवाळीला आणून सोडशील?" "सोडीन." जीप राजूरच्या वळणाला लागली तेव्हा तिने गणपतीच्या दिशेने अचूक हात जोडले, प्लॅस्टरसकट. मी मनात म्हटलं, बाई, नजर अजून शाबूत आहे.

हैदराबादच्या घरात पहिले काही दिवस ती खाटेवरून हललीच नाही. बाथरूमला जायचं तर भिंत धरून. मला वाटलं, फरशी गुळगुळीत आहे, घाबरते. एकदा फ्रिजलाच दार समजून उघडून उभी राहिली होती. तन्वी हसली, मीही हसले, आणि माय म्हणाली, "गार हवा खाऊन राह्यले." तिघी मिळून हसलो. अशी ती पटाईत.

प्लॅस्टर निघालं आणि तिने पेटी ओढली. बेडरूमच्या खिडकीखाली, भोक उजवीकडे येईल अशी ठेवून घेतली. जिना झाडायला येणारी यादम्मा, आमच्या वॉचमनची बायको, रोज दहा वाजता दोन मिनिटं येऊन बसायला लागली. त्या दोघींचं काय बोलणं चालायचं, मी लक्ष दिलं नाही. पंधरा दिवसांत मायने यादम्माच्या नातवासाठी दुपटं शिवलं. असे बारीक, सरळ टाके! जेवायला हाक मारली तर "आले, ही ओळ झाली की आले" म्हणायची. गाणं गुणगुणायची. मला वाटलं, चला, रुळली म्हातारी. दिवाळीला गावी सोडायचा विषय मी काढला नाही. तिने काढला तेव्हा म्हटलं, तन्वीचे क्लासेस आहेत, बघू.

आणि इथे माझी हौस आडवी आली.

आमच्या ग्रुपमध्ये तेव्हा जुन्या लाकडी सामानाला नवं करायची लाट होती. कुणी डब्याची कुंडी करी, कुणी पाटाचं घड्याळ. मोबाईलवर व्हिडिओ बघायचे आणि फोटो टाकायचे. माझ्या घरात तर खरीखुरी जुनी पेटी होती, नुसती पडून. शिवाय ती कळकट दिसायची, तिला केसांच्या तेलाचा वास होता, आणि यांच्या पायाच्या अंगठ्याला ती दोनदा लागली होती. दिवाळीची साफसफाई चाललेली. मी म्हटलं, "माय, तुझी पेटी नव्यासारखी करून देते."

"कशाला? आहे ती बराबर आहे."

"अगं, किती घाण दिसती. सगळे येतात-जातात."

तिने हातातली सुई टोचून ठेवली. मग म्हणाली, "कर मंग. घर तुझं आहे."

हे वाक्य मी तेव्हा होकार म्हणून ऐकलं. आता ते मला रोज ऐकू येतं.

बाल्कनीत वर्तमानपत्रं पसरून मी तीन दिवस खपले. आधी पॉलिश पेपरने सगळ्या फळ्या घासल्या. माय आत बसून तो खरखर आवाज ऐकत होती. दुसऱ्या दिवशी बाल्कनीच्या दाराशी येऊन म्हणाली, "सुमे, ते भोक तेवढं बुजवू नको."

"का ग?"

"कपड्याला हवा लागती."

"बरं," म्हणाले मी. आणि बुजवलं. व्हिडिओतल्या बाईने सगळी भोकं लांबी भरून बुजवली होती, मी कशी ठेवणार? खाच भरली. लोखंडी पट्टी गंजलेली, ती उपटून काढली. झाकणावरची गाठ रंधून सपाट केली. वर फिकट निळा चॉक पेंट, दोन हात. त्यावर स्टेन्सिल ठेवून पांढऱ्या रंगात वारली चित्रं. त्यात नाचणारी माणसं होती, झाड होतं आणि एक बैलगाडी होती. बैलगाडीच्या फळ्या घासून काढून त्यांच्यावर मी बैलगाडीचं चित्र काढलं, आणि हे करताना माझ्या डोक्यात काहीच आलं नाही. वर वॉर्निश. कडेने आरसे आणि गोंड्यांची लेस. आतल्या चार खणांच्या पट्ट्या काढून टाकल्या आणि झाकणाचे सहा प्लॅस्टिकचे डबे बसवले. डब्यांवर इंग्रजीत लेबलं. थ्रेड, नीडल्स, लेस. माय मराठीही वाचत नव्हती. केसांचा गुंडा मी दोन बोटांत धरून कचऱ्यात टाकला आणि स्ट्रॉबेरीसारखी स्पंजची पिनकुशन आणली. नाकापेक्षा मोती जड, ते असं.

फोटो ग्रुपवर टाकला. बायकांनी बदाम पाठवले. मग पेटी खिडकीखाली ठेवून मायला हाताला धरून आणलं. तिने तळहात फिरवला. उजवीकडे, पुन्हा उजवीकडे, मग डावीकडे. पुढचा काठ. मागचा कोपरा.

"गुळगुळीत झाली," म्हणाली.

"कशी वाटली सांग ना."

"लई चांगली दिसून राह्यली."

मी बक्षीस मिळाल्यासारखी खूश.

त्यानंतर तिने शिवणं सोडलं. विचारलं तर म्हणायची, हात दुखून राह्यला. थंडी होती, मोडलेलं मनगट दुखत असेल, मी मलम लावायचे. ती टीव्हीसमोर बसायची, तेलुगू लागलं काय आणि हिंदी लागलं काय, सारखंच. जेवण कमी झालं. यादम्मा येऊन तिच्याजवळ बसायची आणि उठताना माझ्याकडे असं बघायची, की मला रागच यायचा. मी म्हणायचे, पेटी इतकी सुंदर करून दिली, हिला किंमत नाही.

संक्रांतीचा सुमार. यादम्मा मायला सुया ओवून देऊन सणाला तिच्या गावी गेलेली. तन्वीच्या शाळेत पालकांची मीटिंग होती म्हणून मी अकराला बाहेर पडले. माय म्हणाली, "आज जरा बसते टाके घालत." मला बरं वाटलं. मीच गोधडीचे थर तिच्या मांडीवर पसरून दिले, पेटी जवळ सरकवली आणि दार ओढून घेतलं.

दोन वाजता परत आले. माय त्याच जागी बसली होती. मांडीवर गोधडी, डोक्यावरचा पदर घसरलेला. तिने गोधडीला स्वतःचं लुगडं शिवून टाकलं होतं. पदर आणि निऱ्या, दोन्ही, हातभर टाक्यांत. कधी शिवलं गेलं ते तिला कळलंच नव्हतं. उठायला गेली तर सगळं ओढलं गेलं, दोनदा तोल गेला, आणि मग बाथरूम कोणत्या बाजूला ते चुकलं. कात्री शोधायला हाताला लागतील ते डबे उघडून पाहिले होते. दोरे, लेस, बटणं फरशीवर सांडलेली. कात्री ज्या डब्यात होती त्याचं झाकण दाबून फिरवावं लागायचं, ते तिला उघडता आलं नव्हतं. बोटांना सुया टोचून रक्ताचे ठिपके. आणि लुगडं ओलं झालं होतं.

"माय, हाक का न्हाई मारली?"

"कुणाला मारू? बंद दाराला?"

मी खाली बसले. कात्रीचा डबा उघडला. घाईत दोरा कापायच्या ऐवजी पदराची कडाच कापली गेली, हिरवी, बोटभर रुंद. ती गोधडीत तशीच राहिली. मग मी तिच्या डोळ्यांसमोर हात नेला. पापणी हलली नाही.

"माय, तुला दिसत न्हाई?"

तिने तोंड खिडकीकडे केलं, जिकडून ऊन येत होतं.

"दिसतं की," म्हणाली. "तुझ्या घरात जरा कमी दिसतं."

डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू. कडेकडेने नजर खात येतो, दुखत नाही. गेलेली परत येत नाही. सात-आठ वर्षांचं दुखणं दिसतंय, तुम्हाला कळलं नाही? मग ते म्हणाले, हा घराण्यातून येऊ शकतो, तुम्हीही तपासून घ्या. घेतलं. माझ्याही डोळ्यांत दाब वाढलेला आहे. रोज एकेक थेंब घालते.

रिक्षातून परत येताना मी तिला विचारलं, एवढी वर्षं सांगितलं का नाही. म्हणाली, "सांगितलं असतं तर तू मला आल्या पावली उचलून आणलं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. तिकडं माझ्या हाताला सगळं माहीत होतं, बाई. कुठं डोळे लागतात?" थोड्या वेळाने म्हणाली, "इथं पेटी तेवढी माहितीची होती."

ती रागाने बोलली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी बाल्कनीत पेटी घेऊन बसले. स्क्रूड्रायव्हरने लांबी उकरली, निळा रंग खरवडला, कात्रीच्या टोकाने काठाला खाच पाडली. बोल्टाचं भोक मोकळं करता करता फळीची ढलपी निघाली आणि भोक वेडंवाकडं झालं. मायला आणून तिचं बोट त्यात घातलं. तिने आतून बोट फिरवलं.

"हे न्हाई ते," म्हणाली. "ते गोल होतं. आतून लोण्यासारखं. तुझ्या दादाच्या गाडीनं घासलेलं." मग माझा चेहरा तिला न बघताही कळला असावा. "असू दे. खर्चा नको करू आता हिच्यावर. मला घरी कधी नेतीस तेवढं सांग."

"पाडव्याला."

"बराबर?"

"बिलकुल बराबर."

मी पाडवा धरला, कारण तोवर तन्वीची परीक्षा संपणार होती. तन्वी स्वतः म्हणाली होती, "मम्मी, तू आजीला घेऊन जा, मी आणि पप्पा राहू." हेही म्हणाले, जा. पण दहावीचं वर्ष, मुलीच्या जेवणाखाण्याचं काय, दोन-अडीच महिन्यांनी काय बिघडतंय? माय रोज सकाळी विचारायची, आज पाडवा किती दिवसांवर. मी बोटं मोजून सांगायचे. तिने उरलेले दिवस खिडकीखाली बसून काढले. उघड्या पेटीत हात घालून बसायची. शिवायची नाही, नुसती चिंध्या चाचपायची आणि सांगायची, ही तुझी शाळेची ओढणी, हे तुझ्या दादाचं धोतर. एकही चुकायची नाही.

पाडव्याला नऊ दिवस राहिले असताना तिला ताप आला. छातीत कफ झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. जाताना तिने हात पुढे केला, मी माझं तोंड तिच्या हाताखाली नेलं. कपाळापर्यंत हात आला आणि थांबला.

तेरावं झाल्यावर मी केदारखेड्याला गेले. पेटी सोबत नेली. का नेली, सांगता येत नाही, तिला घरी सोडायचं कबूल केलं होतं म्हणून असेल. गयामावशी दारातच माझ्या गळ्यात पडली. नंतर निळ्या पेटीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "ही तीच का?" मी मान हलवली. ती चहा टाकायला वळली, आणि ते मला फार लागलं.

चहा झाल्यावर मीच विचारलं. मावशी म्हणाली, "सगळ्या गल्लीला माहीत होतं, बाई. तिनं आम्हाला शपथ घातल्ती, सुमीला कुणी सांगायचं न्हाई म्हणून. सकाळच्याला सुया मीच ओवून देऊन राह्यले होते. पोरं सायकली तिच्या वाटेतून काढून ठेवायची. नळाला तिची घागर एकाच दगडावर ठेवायचा आम्ही, कुणाचा बी नंबर असू दे. कुणी नवीन खाट बाहेर टाकली, तरी तिला आधी सांगायचं." मग तिने पदर तोंडाला लावला. "त्या दिवशी नालीचं सांगायचं राह्यलं. मीच जाणार होते सांगायला. दूध उतू गेलं म्हणून मागं वळले."

आम्ही दोघी बसून राहिलो. मावशीकडे नाली होती, माझ्याकडे पेटी.

मी परतल्यावर यादम्माने झाडू ठेवला आणि तिच्या हिंदीत म्हणाली, "अम्मा को दिखता नै, मेरेकु पैले दिन से मालूम था. तुमकु नै मालूम था?"

पण त्याआधी गावातलं एक राहिलं. मावशी गेल्यावर मी घरात एकटीच होते. दार लावून मी डोळे मिटले आणि मायसारखं चालून पाहिलं. चौकटीवर खांद्याच्या उंचीला बोटांना तीन बारीक खुणा लागल्या, चाकूने पाडलेल्या. त्यांच्यापुढे भिंतीत एक गारगोटी बसवलेली, मग आणखी एक. ही तिची वाट. दोन गारगोट्यांपर्यंत मी बरोबर गेले आणि तिसरी सापडेना. खांबाला कपाळ आपटलं. ज्या घरात मी रांगले, तिथे माझ्या हाताला काही माहीत नव्हतं. पेटी जिथे असायची तिथे जमिनीवर चौकोनी डाग होता, त्यावर मी ती ठेवून पाहिली. बरोबर बसली, पण पाहुण्यासारखी दिसत होती. मी ती परत घेऊन आले.

आता ती हैदराबादला खिडकीखाली आहे. आरसे आणि लेस काढून टाकली, प्लॅस्टिकचे डबे काढले, सुताराकडून पुन्हा चार खण करून घेतले. रंग अर्धा गेलाय, अर्धा आहे. ती हिरवी कडा शिवलेली गोधडी मी संध्याकाळी थोडी थोडी पुरी करते, कधीकधी डोळे मिटून. सुया माझ्या स्वतःच्या केसांच्या गुंड्यात खोचलेल्या असतात. तन्वीने एकदा पाहिलं आणि विचारलं, "मम्मी, डोळे मिटून काय करतेस?" मायने मूठ झाकली होती, मी उघडली. तन्वीला थेंबांचं सांगितलं, डॉक्टरांचं सांगितलं, पुढे काय होऊ शकतं तेही सांगितलं. ती ऐकून आपल्या खोलीत निघून गेली.

दोन दिवसांनी तिने कॉलेजच्या फाईलसाठी पेटीतली कात्री नेली. काम झाल्यावर येऊन ती चिंध्यांवर टाकली आणि दारापर्यंत गेली. तिथून परत आली. कात्री उचलली आणि मागच्या कोपऱ्यात, जिथे पट्टी असायची तिथे, टोक आत करून ठेवली.

मी भाजी चिरता चिरता तिच्या नकळत बघत होते. गाव सोडून आलेल्या माझ्यासारख्या बायका आपसांत फार विचारतात, तुझं घर कोणतं म्हणून. मला आता इतकंच सांगता येतं, की आपला हात जिथे पडेल तिथे वस्तू ठेवणारी माणसं असली, म्हणजे घर. केदारखेड्याच्या गल्लीने सात वर्षं मायसाठी ते जपलं. माझ्याकडे आली तेव्हा एका पेटीएवढं तिच्याजवळ उरलं होतं. तेही मी तीन दिवसांत पॉलिश पेपरने घासून काढलं.